जुन्या पात्याचं माप

वादळ येऊन गेल्याला अकरा दिवस झाले होते, तरी आमच्या कारखान्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आसपास पडलेली सगळी झाडं लोकांनी आमच्याकडे आणून टाकली होती. ओली, जड, सालीसकट खोडं. काहींना तर अजून पानं होती. प्रत्येकाला आपलंच खोड आधी चिरून हवं होतं. ओलं लाकूड तसंच पडून राहिलं की आतून काळं पडतं, किडा लागतो आणि मग ते चुलीत घालण्यापलीकडे कामाचं राहत नाही.

कारखाना हे आपलं ऐटीत बोलायचं म्हणून. पत्र्याखाली लाकूड चिरायचा एक बँडसॉ, एक रंध्याचं मशीन, दोन टेबलं आणि आम्ही घरचे चौघं. माझे वडील, ज्यांना सगळेच अण्णा म्हणतात, ते बँडसॉवर. दादा खोड पुढे सरकवायला. मी उचल-ठेव करायला आणि बडबड करायला. फळ्यांची मापं घेणं, त्या रचणं आणि गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळणं वहिनीकडे. वहिनी शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा अण्णा म्हणाले होते, "कापडवाल्यांना लाकडातलं काय कळणार." याला बारा वर्षं झाली. वहिनी ते वाक्य विसरली नव्हती आणि तिनं ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. मला विचाराल तर हे दुसरं जास्त अवघड.

बँडसॉ अण्णांनी स्वतः उभा केलेला. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीची दोन चाकं त्यांनी मिळवली, एक वर बसवलं, एक खाली, आणि दोन्हींवरून फिरणारं पोलादी पातं चढवलं. पट्ट्यासारखं गोल, एका कडेला दात. त्या मशीनवर आमची घरं झाली, लग्नं झाली, दादाचं शिक्षण झालं आणि माझं राहिलं. अण्णा रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्यावरचा भुसा झटकायचे. आम्हा दोघा भावांच्या डोक्यावरून त्यांनी तितक्या वेळा हात फिरवला असेल असं मला वाटत नाही.

या अकरा दिवसांत तीन पाती तुटली होती. पहिलं तुटलं तेव्हा अण्णा म्हणाले, लाकडात खिळा असेल. दुसरं तुटलं तेव्हा म्हणाले, माल हलका आला. तिसरं तुटलं ते बुधवारी सकाळी. फाडकन आवाज झाला, पातं झाकणाच्या फटीतून बाहेर आलं आणि दादाच्या मनगटावरून गेलं. सात टाके पडले. अण्णा त्याच्या शेजारी हातभर अंतरावर उभे होते. पात्याचं टोक त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला लागून गेलं आणि बाही कोपरापर्यंत उभी फाटली. नशीब एवढंच की बाही ढगळ होती आणि हात आत होता.

अण्णांचे सगळेच सदरे ढगळ होते. खांद्याची शिवण दंडावर यायची. कामाला उभे राहताना ते दोन्ही बाह्यांना सुतळी बांधायचे. वहिनीनं एकदा टेप हातात घेऊन "अण्णा, माप घेऊ का?" असं विचारलं होतं, तर म्हणाले, "माझं माप ठरलेलं आहे. जुन्यावरून शिव." तेव्हापासून ती जुन्यावरून शिवत होती.

दवाखान्यातून आल्यावर दादानं हात गळ्यात अडकवलेल्या अवस्थेतच सांगून टाकलं.

"भंगारवाल्याला शनिवारी बोलावलंय. मशीन घेऊन जाईल."

"कुणाला विचारून?" अण्णा म्हणाले.

"माझ्या मनगटाला विचारून. आज माझं मनगट गेलं, उद्या तुमची मान जाईल. मी ते बघायला थांबणार नाही. मोठ्या मिलमध्ये मला काम देतायत, मी जाईन. धाकटा पण येईल."

अण्णांनी आमच्याकडे बघितलं, मग मशीनकडे बघितलं आणि फाटक्या बाहीची सुतळी सोडत बसले. ती गाठ त्यांना सुटेना. बोटं गाठीवरून पुन्हा पुन्हा निसटत होती. माझा बाप घाबरलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते बघणं मला सोसवेना.

"चार नवी पाती आणा," शेवटी ते म्हणाले. "हे तुटकं नमुन्याला न्या. अगदी असंच. नव्या पात्यावर शनिवारी एक खोड चिरून दाखवतो. तुटलं तर न्या म्हणावं भंगारात."

दादा म्हणाला, "ठीक."

एवढंच. ज्या मशीनवर आमचं घर उभं होतं त्याचा निकाल एका पात्यावर येऊन ठेपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा दादाला पट्टी बदलायला घेऊन गेले, तेव्हा वहिनीनं मला हाक मारली. भिंतीवर खिळ्यांना अण्णांची जुनी तुटकी पाती टांगलेली असत. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नाही. प्रत्येकावर रंगानं वर्ष लिहिलेलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, ही सगळी काढा. अंगणात सरळ पसरायचीत. एकाशेजारी एक, एक टोक भिंतीला लावून."

"रांगोळी काढताय का?"

"काढा हो आधी."

मी अकरा पाती काढली. गंजानं हात लाल झाले. आम्ही ती वर्षानुसार पसरली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. मी तोंड उघडलं ते मिटायचं विसरलो. टोकं एका रेषेत नव्हतीच. सगळ्यात जुनं पातं सगळ्यात लांब, पुढचं बोटभर आखूड, त्याच्या पुढचं आणखी आखूड. पायऱ्या उतरत गेल्यासारखी ती टोकं आदल्या दिवशी तुटलेल्या पात्यापर्यंत आली होती.

"असं कसं?" मी म्हणालो.

"पातं तुटलं की आपण काय करतो? जोडून आणतो. जोडताना दोन्ही टोकं घासतात, अर्धा-पाऊण इंच जातं. मग ते पार संपलं की नवं आणायला जातो आणि नमुना कुठला देतो? हाच. जोडून आखूड झालेला." ती उकिडवी बसली आणि टेप लावला. "पहिलं सोळा फूट दोन इंच. कालचं पंधरा फूट सात. चाळीस वर्षांत सात इंच गेले, भाऊजी. आमचे बाबा जुन्या सदऱ्यावरून कधी माप घेत नसत. म्हणायचे, सदरा धुऊन आटलेला असतो, ओढून सैल झालेला असतो. माप अंगावरून घ्यायचं."

तेव्हा मला आठवलं, दोन वर्षांपासून पातं चढवायला आम्ही पहार लावत होतो. वरचं चाक खाली आणता आणता त्याचा स्क्रू पार तळाला टेकला होता. पातं आखूड, म्हणून चढवतानाच ताणलेलं. त्याला सैल करायला जागाच उरली नव्हती. आम्ही दोघं धट्टेकट्टे भाऊ पहारेवर लोंबकळायचो आणि अण्णा म्हणायचे, "नवं आहे, घट्टच असणार." आम्हाला वाटायचं, खरंच की.

वहिनीनं माप अंगावरून घेतलं. दोरी ताणते म्हणून तिनं बारीक तार घेतली. मला पहारेनं वरचं चाक स्क्रूवरून उचलून, ते ज्या खाचेत वर-खाली सरकतं तिच्या बरोबर मधोमध धरायला लावलं आणि तार दोन्ही चाकांवरून फिरवून पीळ घातला. तीनदा घेतलं. तिन्ही वेळा सोळा फूट दोन इंच. मी ते कागदावर टिपून खिशात ठेवलं. चाक किती उंच धरायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खाली उतरायला आणि वर ताणायला दोन्हीकडे सारखी जागा हवी, एवढ्याच हिशेबानं तिनं ते धरलं होतं. मग तिनं तुटक्या पात्याच्या दातांच्या बुडाशी नख फिरवलं आणि मला बोट लावायला सांगितलं. केसाएवढे तडे होते. ओळीनं, जवळजवळ प्रत्येक दाताखाली. शेवटी बँडसॉखालचा मूठभर भुसा तिनं रुमालात बांधून घेतला आणि मी पाती पुन्हा खिळ्यांना टांगली.

"अण्णांना सांगायचं?" मी विचारलं.

"काय सांगायचं? की चाळीस वर्षं चुकत होता? आज? त्या बोटांना?" तिनं तार गुंडाळून पिशवीत टाकली. "पातं बसलं तर आपोआप कळेल. नाही बसलं तर दोष माझा."

शुक्रवारी आम्ही बसनं शहरात गेलो. माझ्या खांद्यावर तुटक्या पात्याचं वेटोळं, गोणपाटात गुंडाळलेलं. शेजारचा माणूस दर खड्ड्याला माझ्यापासून बोटभर लांब सरकत होता. उतरेपर्यंत तो दुसऱ्या बाकावर पोचला.

दुकान लांबट, तेलाच्या वासाचं. भिंतीवर पात्यांची वेटोळी टांगलेली. गल्ल्यावर माझ्या वयाचा मालक. तो मला म्हणाला, "बोला साहेब."

वहिनी बोलायला लागली. तो माझ्याकडेच बघत राहिला.

"मशीन कुठल्या कंपनीचं?"

"अण्णा," मी म्हणालो.

"ही कुठली कंपनी?"

"माझे वडील. त्यांनी बनवलंय."

तो हसला. मग वहिनीला म्हणाला, "ताई, तुम्ही तिकडे बसा ना, पंखा आहे." आणि मला, "वादळातलं लाकूड ना? मग जाडच न्या. जितकं जाड तितकं टिकाऊ. सगळे तेच नेतायत."

वहिनी बसली नाही. तिनं विचारलं, "सगळ्यांची चाकं केवढी आहेत?"

मालकाला हा प्रश्न बहुधा कुणी केलेला नव्हता. पण दुकानाच्या मागच्या बाजूला पाती जोडणारा एक म्हातारा बसला होता, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं मान वर केली.

"तुमचं केवढं आहे, बाई?"

"तीस इंच. दोरा भरेल एवढं कमीच."

"आणि आत्ता पातं कुठलं चालवताय?"

मी गोणपाट उलगडलं. म्हाताऱ्यानं दोन बोटांत पात्याची जाडी धरली आणि तोंडानं चुकचुक केली. "एवढं जाड पातं तीस इंची चाकावरून वळवायचं? दर फेऱ्याला दोनदा मोडतंय ते."

"म्हणूनच तडे दातांच्या बुडाशी आहेत," वहिनी म्हणाली. "जाड कापड लहान गोलाईला शिवलं की आधी शिवणीशी उसवतं. मला पातळ हवंय. आणि दातांचं विचारायचं होतं." तिनं रुमाल सोडला.

म्हाताऱ्यानं भुसा चिमटीत घेतला, चोळला, वासही घेतला. "पीठ झालंय याचं."

"ओलं लाकूड आहे. इंचाला तीन दात आहेत आमच्या पात्याला. भुसा दातांमध्येच चोंदून बसतो आणि पातं तापतं. घरी सगळे म्हणतात, जास्त दात म्हणजे सफाई जास्त."

"सुक्या फळीला खरं आहे ते. ओल्या खोडाला पाऊण इंचावर एक दात पुरे. मध्ये भुशाला बसायला जागा पाहिजे." तो आता उठून उभा राहिला होता. "किती देऊ?"

"दोन. एक ओल्या खोडांसाठी, एक सुक्या फळ्यांसाठी जरा बारीक दातांचं."

"अण्णांनी चार सांगितलीत," मी कानाशी म्हणालो.

"चार चुकीची नेण्यापेक्षा दोन बरी."

"लांबी?" म्हाताऱ्यानं विचारलं. नमुना जमिनीवर पडला होता. वहिनीनं पिशवीतून तार काढून त्याच्या शेजारी ठेवली. दोन्हीत वीतभराचा फरक. म्हातारा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला.

"कुठलं धरू?"

वहिनीनं पदराला तळहात पुसला. इतकी वर्षं मी तिला फळ्या मोजताना पाहत आलोय, हात कधी ओला झालेला पाहिला नव्हता.

"तारेचं," ती म्हणाली. इतकं हळू की म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं.

"एकदा जोडलं की परत घेत नाही, बाई. सांगून ठेवतो."

"माहीत आहे. तारेचं धरा."

त्यानं पातं कापलं, टोकं जुळवली, बटण दाबलं. जोड लाल झाला. मग त्यानं तो हळूहळू निववला आणि दोन्ही बाजूंनी घासला. पातं हातात आल्यावर वहिनीनं जोडावर आतून आणि बाहेरून नख फिरवलं, डोळ्याजवळ धरून पाठीची कड सरळ आहे का ते पाहिलं. म्हाताऱ्यानं चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"तीस वर्षं जोडतोय मी," तो मालकाला म्हणाला. "जोडाची आतली बाजू बघणारं हे पहिलं गिऱ्हाईक. खुर्ची कुणाला द्यायची ते नीट बघत जा."

मालकानं खुर्ची पुढे केली. वहिनी म्हणाली, "आता बस गाठायची आहे." मला इतका आनंद झाला की मीच त्या खुर्चीवर क्षणभर बसून घेतलं.

परतताना मात्र तिचं लक्ष सारखं पिशवीकडे जात होतं. अर्ध्या वाटेत म्हणाली, "भाऊजी, गुंडाळताना तार ताणली तर गेली नसेल?"

"तुमच्या पिशवीत असताना? तिची काय बिशाद."

ती हसली नाही. मांडीवरच्या पात्याच्या वेटोळ्यावर हात ठेवून बसली.

शनिवारी सकाळी अण्णा लवकर येऊन उभे होते. बाह्यांना सुतळी. फाटलेली बाही वहिनीनं रफू केली होती. भंगारवाला आपली हातगाडी फाटकाशी लावून खोडावर बसला होता आणि दादा त्याच्या शेजारी. अण्णांनी पातं हातात घेतलं, हाताळलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे पातळ आहे." मग त्यांनी ते चाकांपाशी धरलं. पातं खालून लोंबत राहिलं. "आणि हे लांब आहे. नमुना दिला होता ना मी?"

"दिला होता," मी म्हणालो. "पण..."

"मी सांगितलं लांब घ्या म्हणून," वहिनी मध्येच म्हणाली. "अण्णा, वरचं चाक साडेतीन इंच वर घ्या. मग बसेल."

"चाक वर घ्या? या चाकाची जागा मला सांगतेस?"

भंगारवाल्यानं बिडी काढली ती तशीच हातात धरली. वहिनी जागची हलली नाही. "एकदाच घ्या," ती म्हणाली. "नाही बसलं तर मी परत कधी मापाला हात लावणार नाही. फळ्यांच्यासुद्धा."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग वळले आणि स्क्रूचं हँडल धरलं. ते हलेना. वर्षानुवर्षं तिकडे फिरवलंच नव्हतं. मी तेल सोडलं, हातोड्यानं ठोकलं. दादा उठून आला आणि त्यानं बऱ्या हातानं जोर लावला. कुरकुरत, अडत, चाक वर सरकायला लागलं. पातं हळूहळू भरत गेलं. पहार भिंतीशी टेकून तशीच राहिली. तिच्याकडे बघायची वेळच आली नाही. शेवटची थोडी ढील राहिली तेव्हा अण्णांनी अंगठ्यानं पातं दाबून पाहिलं, आणखी अर्धा फेरा दिला आणि थांबले.

चाकाला धरणारा लोखंडी कंस मशीनच्या लाकडी खांबावर जिथं आला होता तिथं तेलात भिजलेल्या जुन्या भुशाचा जाड थर होता. अण्णा त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी खिशातून खिळा काढला आणि थर खरवडायला सुरुवात केली. खाली लाकूड निघालं. लाकडात छिन्नीनं मारलेली एक आडवी रेघ होती आणि शेजारी अण्णांच्या हातचं वर्ष कोरलेलं. कंसाची कड त्या रेघेपासून दोराभर खाली होती.

"ही मी मारली होती," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवशी. चाक इथंच ठेवायचं म्हणून." त्यांनी रेघेवर बोट फिरवलं. "हे मी विसरलोच."

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"मला रेघ माहीत नव्हती. मी चाकांचंच माप घेतलं."

अण्णांनी मान हलवली, बाह्या मागे सारल्या आणि बटण दाबलं. पातं फिरू लागलं. तो पूर्वीचा किणकिणता, ओढ लागलेला आवाज नव्हता. संथ, एकसारखा होता. मी अंगणातलं सगळ्यात जाड खोड गाड्यावर चढवलं. दादाला राहवलं नाही. बऱ्या हातानं त्यानं खोड पुढे रेटलं. पातं लाकडात शिरलं. भुसा पिठासारखा उडाला नाही. ओलसर, दाणेदार, भराभर खाली पडत राहिला. फळी सुटून बाजूला आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. दुसरी आली. तिसरी आली. दहाव्या फळीला त्यांनी मशीन बंद केलं आणि पात्याला हात लावला.

"कोमट आहे नुसतं," ते म्हणाले.

दादा भंगारवाल्याकडे गेला. दोघं काहीतरी बोलले. मग दादानं भिंतीवरची जुनी पाती एकेक करून काढली आणि हातगाडीत टाकली, अकराच्या अकरा. अण्णांनी अडवलं नाही. फक्त सगळ्यात जुनं, सगळ्यात लांब पातं त्यांनी हात करून परत मागून घेतलं आणि पुन्हा त्याच्या खिळ्याला लावलं. मोठ्या मिलचं नाव दादानं त्यानंतर आजतागायत काढलेलं नाही.

दुपारची सुट्टी झाली. वहिनी फळ्यांवर खडूनं मापं घालत होती. अण्णा तिच्यामागे जाऊन उभे राहिले. मग त्यांनी बाह्यांच्या सुतळ्या सोडल्या. गाठी पटकन सुटल्या.

"सूनबाई, टेप आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. कशाचं घ्यायचंय?"

अण्णांनी दोन्ही हात बाजूला पसरले आणि मान सरळ केली. वहिनीला कळायला क्षणभर लागला. खडू ठेवून तिनं हात पुसले आणि टेप त्यांच्या खांद्यांवर धरला, मग छातीभोवती, मग दंडाभोवती. मी कागद-पेन्सिल घेऊन पुढे झालो. परवाचाच कागद होता, वर सोळा फूट दोन इंच लिहिलेलं. त्याखाली वहिनी सांगत गेली तसे आकडे मी लिहीत गेलो. खांदा, छाती, बाही. जुन्या सदऱ्यापेक्षा प्रत्येक माप दोन बोटं, तीन बोटं कमी होतं. ती ते कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगत होती.

"मोठ्यानं सांग," अण्णा म्हणाले. "आहे ते आहे."